चिमट्यातलं लोढणं

उतार संपत आला तसा टोबायस पेनहेलने आसूड खांद्यावर टाकला आणि आठही बैलांना नावानिशी शाबासकी दिली. गाडीवर दोन टन चंदन होतं. मागे साखळीने बांधलेलं लोढणं, म्हणजे फांद्यांसकट तोडलेलं अख्खं जाराचं झाड, वाट खरवडत येत होतं. त्या झाडाच्या ओढीवरच असली अवजड गाडी या डोंगरावरून खाली यायची. नाहीतर ती बैलांच्या पाठीवर चढली असती आणि सगळ्यांना घेऊन दरीत गेली असती.

"जरा दमाने घे," गाडीच्या कडेने चालणारी त्याची बायको केझिया म्हणाली. "नोहाच्या तोंडाला फेस आलाय बघ."

"दमाने घेतलं तर ऑक्टोबर उजाडेल."

"बैलाला ऑक्टोबर कळतो होय?"

"बैलाला नाही कळत. व्यापाऱ्याला कळतो."

सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख होती. तीस तारखेपर्यंत फ्रीमँटलच्या बंदरात जे चंदन जहाजावर चढेल त्याला जुना भाव मिळणार होता. एक तारखेपासून बाहेर जाणाऱ्या दर टनावर सरकारचा कर, आणि त्या करातून म्हणे या डोंगरातले रस्ते दुरुस्त होणार. व्यापाऱ्याने आधीच कळवलं होतं, की कर भरायची वेळ आली तर तो भाव निम्म्यावर आणेल. जुन्या भावात एका मुलीचं मायदेशातून, कॉर्नवॉलहून, इथवरचं जहाजाचं भाडं बसत होतं. निम्म्या भावात बसत नव्हतं. हिशेब एवढा सोपा होता, की तो करायला टोबायसला कागद लागला नव्हता.

मुलीचं नाव तामसिन. सहा वर्षांपूर्वी तिला आजीकडे ठेवून दोघं जहाजात चढली तेव्हा ती चार वर्षांची होती. गाडीवरच्या प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला टोबायसने तापल्या सळईने 'टी' उमटवली होती. डोंगरापलीकडच्या यॉर्क गावच्या गाडीवानांना वाटायचं ती टोबायसची. ती तामसिनची होती.

डोंगराच्या पायथ्याशी वाट एकदम आवळली जायची. डाव्या हाताला उभा खडक, उजव्या हाताला दलदल, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. गाडीवान तिला चिमटा म्हणायचे. खडकाच्या बाजूला जुन्या लोढण्यांचा ढीग साचला होता, कारण उतार संपला की लोढण्याचं काम संपायचं. खरी रीत अशी, की चिमट्यातून बाहेर पडून मोकळ्या जागी लोढणं सोडायचं आणि कडेला लोटून द्यायचं. पण चंदनाला भाव चढल्यापासून रीत पाळायला सवड कोणाला? दोन वर्षांत वीसेक झाडं तिथेच पडली होती.

चिमट्याच्या ऐन मध्यावर साखळीला हिसका बसला. गाडी थांबली. लोढण्याची एक जाड फांदी खडक आणि जुना ढीग यांच्यामध्ये अडकली होती. पुढे नोहा गुडघ्यापर्यंत चिखलात गेला होता आणि डोळे फिरवत होता.

टोबायस मागे गेला. कुऱ्हाड घेऊन ती फांदी तोडायची तर अर्धा तास. त्याने साखळीचा आकडा काढला. झाड कुरकुरत एका अंगाला कलंडलं आणि वाटेत आडवं बसलं.

"टोबी," केझिया म्हणाली, "आता मागून कोणी आलं तर?"

"मागचा बघेल."

"मागच्याकडे काय पंख आहेत?"

"मी आलो तेव्हा माझ्यासाठी कोणी वाट झाडून ठेवली होती? मागचा बघेल त्याचं तो."

सगळ्यांत पुढे चालणारा कुलबर्दी थांबून हे बघत होता. तो इथला, नुंगार लोकांपैकी. चंदनाची झाडं कुठे आहेत ते त्याने दाखवायचं, तोडायला हात लावायचा, आणि त्याबद्दल पीठ, चहा, तंबाखू घ्यायची, असा तीन वर्षांचा ठराव होता.

"तुम्ही लोक गमतीचे," तो म्हणाला. "उभं झाड पाडता, शेपटीसारखं बांधता, खाली आणून वाटेत टाकता. मग गव्हर्नराकडे जाऊन रडता, की वाट नीट नाही."

"मी नाही रडलो. रडणारे वेगळे. मी तर कराच्या विरुद्ध सही केली."

"कर माझा आहे," कुलबर्दी शांतपणे म्हणाला. "वाट माझ्या आजोबांची. मला कोणी विचारलं?"

केझियाला हसू फुटलं. टोबायसला नाही फुटलं. त्याने बैलांना हाक दिली आणि गाडी चिमट्यातून बाहेर काढली.

दोनशे पावलांवर उंचवटा होता. तिथे बैलांना दम खाऊ द्यायला गाडी उभी केली. मागच्या चाकाचा आख कोरडा पडून किंचाळत होता. टोबायस चाकाखाली बसून वंगण भरायला लागला. केझियाने राखेत भाजलेल्या भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला, कारण हात वंगणाने भरले होते. समोर चांगला सपाट रस्ता होता, दहा मैलांवर गिल्डफर्ड, तिथून नावेने नदीतून बंदर. टोबायसच्या मनात तामसिन जहाजाच्या कठड्याशी उभी होती. चेहरा मात्र चार वर्षांच्या पोरीचाच. दहा वर्षांची तामसिन कशी दिसत असेल ते त्याला काही केल्या दिसत नव्हतं.

एवढ्यात वर, डोंगराच्या माथ्यावरून, गाणं ऐकू आलं.

*उतरतो मी, बापा, उतार अवघड…*

या डोंगरावरची ती जुनी पद्धत होती. एकदा गाडी उताराला लागली की थांबवता येत नाही, फिरवता येत नाही. म्हणून माथ्यावर थांबून पहिली ओळ म्हणायची. खाली जो कोणी असेल त्याने वाट बघून दुसरी ओळ द्यायची. ओळ आली तर उतरायचं. नाही आली तर माथ्यावरून मेंढ्यांची जुनी वाट धरायची. ती दीड तास लांबची, पण तिला चिमटा नव्हता. माणसं नेमाने चॅपलला प्रार्थनेला जाणारी असोत नाहीतर रोजची दारू पिणारी असोत, ही दोन ओळींची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती. खोटी ओळ आजवर कोणी दिली नव्हती.

टोबायसच्या तोंडात भाकरी होती, हात वंगणात होते, मन समुद्रावर होतं. गळ्याने आपलं आपण उत्तर दिलं, जसं सहा वर्षं देत आला होता. भरदार, सुरात, टेकडीला धडकून परत येईल असं:

*ये रे लेकरा, वाट मोकळी!*

केझियाच्या हातातली भाकरी खाली पडली.

"टोबी, काय म्हणालास तू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि वंगणाचं डबडं लाथेने उडवून तो पळत सुटला. पळता पळता ओरडला, "थांबा! वर थांबा! उतरू नका!" पण ओरडणं गाण्यासारखं दूर जात नाही. आणि वरचा आवाज त्याने आता ओळखला होता. तो आवाज ओळखायला उशीर व्हावा याचंच नवल. दर रविवारी यॉर्कच्या कोठारात पन्नास माणसांना रडवणारा, हसवणारा आवाज. एवान प्रॉसरचा.

प्रॉसरबाबा वेल्सकडचे. प्रवचन बोलायला सुरुवात करायचे, आणि बोलता बोलता केव्हा गायला लागले ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. टोबायस त्या प्रवचनांसाठी पाच मैल चालत जायचा. गेले तीन रविवार गेला नव्हता. करावरून सभा झाली तेव्हा बाबांनी कराच्या बाजूने हात वर केला होता. "रस्ता सगळ्यांचा, तर भार सगळ्यांचा," एवढंच म्हणाले होते. टोबायसने भर सभेत विचारलं होतं, "बाबा, तुमच्याकडे चंदनाची एक काडी तरी आहे का? दुसऱ्याच्या गाडीवर पुण्य लादायला काय जातं?" लोक हसले होते. बाबा हसले नव्हते, रागावलेही नव्हते.

गाणं खाली खाली येत होतं. पण लय चुकत होती. बाबा कधी घाई करत नसत, आणि आज ओळ पुरी व्हायच्या आत पुढची धरत होते. मध्येच गाणं तुटलं. त्या फटीतून बाईचा आवाज आला. तो गाण्याचा नव्हता.

"हेफ्झी," मागून धावत आलेली केझिया म्हणाली. "बाबांची सून. दिवस भरायला अजून महिना होता."

टोबायस आणि केझिया लोढण्यावर चढून पलीकडे उतरली तेव्हा बाबांची एका घोड्याची हलकी गाडी वळणावरून आली. मागे बांधलेली छोटी फांदी फटाफट उडत होती. बाबांनी समोर आडवं झाड बघितलं आणि लगाम असा खेचला की घोडी मागच्या पायांवर बसली.



"टोबायस," बाबा म्हणाले, "तुझा आवाज ओळखला मी. म्हणून तर उतरलो."

यापेक्षा त्यांनी आसूड मारला असता तरी चाललं असतं.

केझिया केव्हाच गाडीत चढली होती. गवताच्या गादीवर हेफ्झी पडली होती, ओठ दाताखाली, केस घामाने कपाळाला चिकटलेले. केझियाने चादर वर केली, बघितलं, आणि चादर परत नीट घातली. तिने चार बायकांची बाळंतपणं केली होती.

"हात आधी आलाय," ती खाली वाकून हळू म्हणाली. "मूल आडवं आहे. मला नाही जमायचं. डॉक्टरच पाहिजे. आणि लवकर पाहिजे."

"म्हणूनच गिल्डफर्डला निघालो," बाबा म्हणाले. "पोरगा मेंढ्या घेऊन आत रानात गेलाय, चार दिवसांच्या वाटेवर. घरात मी आणि ही."

"उचलून पलीकडे नेऊ," टोबायस म्हणाला. "माझ्या गाडीत घालू."

"बैलांनी दहा मैल?" केझिया म्हणाली. "संध्याकाळ होईल. तिच्याकडे संध्याकाळ नाही. घोडी पाहिजे, टोबी. ही घोडी आणि ही गाडी, पलीकडे."

परत वर चढणं शक्य नव्हतं. एका घोडीने तो चढ गाडीसकट चढायला दुपार गेली असती. टोबायसने बैल सोडवून आणले, साखळी लोढण्याला लावली, पलीकडून, खालच्या अंगाने, ओढायला घेतलं. आठ बैल मान घालून वाकले. झाड बोटभर हललं, आणि ढिगातली दोन जुनी झाडं त्याच्यावर आणखी बसली. त्याने पुन्हा आसूड उडवला. साखळी तुटली. तुटलेलं टोक त्याच्या कानाजवळून सणसणत जाऊन खडकावर आदळलं.

"एकेक झाड वरून काढायला हवं," तो धापा टाकत म्हणाला. "तीन तास. चार."

गाडीतून हेफ्झीचा आवाज आला, "केझियाताई, अजून किती लांब आहे हो?"

"जवळच आहे, बाळ," केझिया म्हणाली. "हे काय, आलंच."

टोबायसने उजवीकडे बघितलं. दलदल. चिमट्याला वळसा घालून परत वाटेवर यायला बारा पावलं, फक्त बारा, पण गेल्या वर्षी तिथे एक बैल पोटापर्यंत गेला होता आणि निघाला नव्हता. त्याने फांद्या तोडून टाकल्या. वर पाय दिला. फांद्या खाली गेल्या, पाय मांडीपर्यंत गेला.

कुलबर्दीने हात देऊन त्याला ओढून काढलं. मग भाल्याचा दांडा चिखलात उभा खुपसला. दांडा कमरेएवढा गेला आणि टक्कन थांबला.

"तळ आहे," तो म्हणाला. "आजी इथे बेडूक काढायची. खाली दगड आहे. पण फांद्या हलक्या, तरंगतात, सरकतात. जड लाकूड पाहिजे. सरळ. तोकडं." एवढं बोलून तो थांबला. उंचवट्यावरच्या गाडीकडे त्याने बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

टोबायसने बघितलं.

तासलेले, साल काढलेले, हात-दीड हात लांबीचे, दगडासारखे जड ओंडके. एकसारखे. जणू त्याच कामासाठी कापले होते.

त्याने केझियाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. बैल पुन्हा गाडीला जुंपले, गाडी फिरवून उंचवट्यावरून दलदलीच्या काठाला आणली, आणि मागची फळी पाडली. चंदनाचा वास एकदम अंगावर आला. पहिला ओंडका उचलला तेव्हा टोकावरची 'टी' त्याच्या तळहाताला लागली.

"दे," कुलबर्दी चिखलात उतरत म्हणाला.

एक, एक, एक. पहिला थर चिखलाने असा गिळला जसा भुकेल्याने घास गिळावा. टोबायसला वाटलं होतं निम्मी गाडी पुरेल. पहिला थर संपला तेव्हा चिखल जिथल्या तिथे होता आणि गाडी तिसऱ्या हिश्श्याने रिकामी झाली होती.

"दुसरा," कुलबर्दी म्हणाला. "आडवा."

पलीकडे केझिया हेफ्झीशी बोलत होती, काहीबाही, कोंबड्यांबद्दल, कोणाच्या लग्नाबद्दल. हेफ्झीची उत्तरं तोकडी होत चालली होती. मग येईनाशी झाली. टोबायसचे हात ओंडक्यावर थिजले. आता पळावं तिकडे, का इथेच राहावं?

आणि तेव्हा बाबांनी सुरुवात केली. घोडीचा लगाम धरून उभ्या उभ्या, आधी बोलल्यासारखं:

"समुद्र होता समोर. मागे फौज होती. आणि माणसं म्हणाली, इथून कुठे जायचं? समुद्रात वाट असते का? आणि देव म्हणाला, असत नाही. काढावी लागते." मग आवाज चढला, शब्द लांबले, तोच चढउतार, कोठारातला, रविवारचा. "एक दगड टाक. एक दगड टाक, लेका! वाट देवाची, हात तुझे! एक दगड टाक!"

प्रत्येक "टाक"ला एक ओंडका. टोबायसला कळलंही नाही हात केव्हा पुन्हा चालायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते चिखलाचं, घामाचं, का कशाचं, ते बघायला वेळ नव्हता. तीन रविवारांचं राहिलेलं प्रवचन तो आज ऐकत होता, पाठीचा कणा मोडेपर्यंत. कुलबर्दीही त्या लयीत पाय रोवत होता, ओंडके दाबत होता.

तिसरा थर. गाडीच्या तळाच्या फळ्या दिसायला लागल्या. शेवटचा ओंडका हातात आला तेव्हा टोबायस थबकला. फक्त एक क्षण.

"अजून एक पाहिजे," कुलबर्दी म्हणाला. "काठाला. नाहीतर चाक तिथेच बसेल."

टोबायसने तो दिला.

बाबांनी घोडीच्या डोळ्यांवर आपला कोट बांधला. टोबायस आणि कुलबर्दी दोन बाजूंनी चाकाच्या आऱ्यांना धरून. ओंडके कुरकुरले, चिखल बुडबुडला, मधोमध उजवं चाक एका बाजूला घसरलं आणि गाडी कलली. केझियाने आत हेफ्झीला मिठीत घट्ट धरलं. टोबायसने खांदा चाकाखाली घातला. काहीतरी कडकडलं, त्याला वाटलं खांदाच. मग चाक वर आलं, घोडीने हिसका दिला, आणि गाडी पलीकडे कोरड्या वाटेवर उभी राहिली.

"मी जाते बरोबर," केझिया म्हणाली.

"एवढं ओझं नाही सोसणार घोडीला," बाबा म्हणाले. "आणखी एक जण झालं तर वेग कमी. तू उतर, पोरी. तू जे करायचं ते केलंस." त्यांनी टोबायसच्या चिखलाने भरलेल्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "टपालवाला दुपारी गिल्डफर्डहून निघतो. त्याच्याकडून निरोप धाडेन."

"सायलस? तो विसरेल, बाबा. त्याला फक्त शिव्या लक्षात राहतात."

"नाही विसरू देणार त्याला," बाबा म्हणाले, आणि गाडी गेली.

मागे तिघं राहिली, रिकामी गाडी आणि आठ बैल. केझिया काठाशी बसली. बराच वेळ ती चिखलातून डोकावणाऱ्या एका 'टी'कडे बघत होती.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर?"

"हो म्हणाले असते. पण म्हणायला वेळ लागला असता." तिने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "तेवढा वेळ नव्हता, हे बरं झालं."

मग ती उठली आणि बाह्या सारल्या. "चल. काढू वर. धुऊ. पोचू तेव्हा पोचू."

सात-आठ ओंडके निघालेही. तेवढ्यात माथ्यावरून गाणं आलं. *उतरतो मी, बापा…* टोबायस सरळ झाला. चिमटा बंदच होता. पण वळशाची वाट होती. ओंडके काढले तर ती राहणार नव्हती. त्याने काढलेले सगळे ओंडके परत चिखलात बसवले, पायाने दाबले, आणि उत्तर दिलं.

आली ती रूफस गॅडची गाडी, चंदनाने शिगोशीग भरलेली. कराविरुद्ध सभेत सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा हाच. त्याने चंदनाची वाट बघितली, रिकामी गाडी बघितली, चिखलाने माखलेला टोबायस बघितला.

"पेनहेल! अरे, कर एक तारखेपासून आहे! तू आजच भरलास होय? तोही सगळाच्या सगळा?"

"हेफ्झी प्रॉसरला न्यायचं होतं."

रूफसचं हसू मावळलं. "गेली का?"

"गेली पलीकडे. पुढचं माहीत नाही."

रूफसने बैल वळशाच्या वाटेवर घातले. चाकं चंदनावरून कडाकड गेली, ओंडके आणखी खोल बसले. तो पलीकडे पोचतो न पोचतो तोच कुलबर्दी त्याच्या बैलांसमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला.

"काय पाहिजे?"

"कर."

"कसला कर रे?"

"वाट आजोबांची, लाकूड टोबीचं. फुकट कोणी जायचं नाही. दोन ओंडके."

रूफस तोंड उघडून बघत राहिला. मग आधी एक सणसणीत शिवी हासडली, नंतर एवढ्याने हसला की बैल दचकले. "गव्हर्नराला दिला नसता, पण तुला देतो, बेट्या. त्याच्यासारखी टोपी नाही तुझ्याकडे, एवढंच काय ते." त्याने दोन फेकले. थोडं पुढे गेल्यावर न बोलता तिसरा फेकला.

त्या दिवशी सात गाड्या आल्या. सगळ्यांनाच तीस तारीख गाठायची होती. कोणी दोन दिले, कोणी एक, एकाने काहीच न देता बैल दामटले आणि कुलबर्दीने त्याच्या मागून त्याच्या आजोबांबद्दल काहीतरी ओरडून सांगितलं, जे नुंगार बोलीत होतं हे बरंच झालं. ऊन कलेपर्यंत गाडीच्या तळाशी एक छोटासा ढीग जमला. तळाची एक फळी झाकेल एवढा. तीस तारीख आता गाठता येणार नव्हती, म्हणून त्याला कर बसणार होता, भावही निम्मा.

"यात तामसिनची एक चप्पल येईल," केझिया म्हणाली.

"डावी का उजवी?"

"उजवी. डावी पुढच्या वर्षी."

दोघं हसली, आणि मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. वारा गिल्डफर्डच्या बाजूने येत होता. दर झुळकेला टोबायस मान वळवून रस्ता बघायचा. सायलसची वेळ होऊन गेली होती. कुलबर्दीने थट्टा थांबवली होती.

आधी आवाज आला. मग घोडा दिसला. सायलस टोप, टपालवाला, ज्याला चॅपलचं दार कुठल्या दिशेला आहे हे माहीत नव्हतं, मोकळ्या गळ्याने गात येत होता. एक सूर धड लागत नव्हता, शब्द पुढचे मागे आणि मागचे पुढे. पण ओळ तीच होती.

"*ये रे… लेकरा… वाट मोकळी…* हे घ्या! आलं एकदाचं!" तो घोड्यावरून ओरडला. "दहा मैल हेच घोकतोय. म्हातारा म्हणाला, चिमट्यापाशी हे गायलास नाहीस तर सरळ नरकात जाशील. मी म्हटलं, तिथे माझी पुष्कळ ओळखीची माणसं आहेत. तर म्हणतो, तरी गा!"

"सायलस," केझियाने त्याच्या घोड्याचा लगाम धरला, "दोघं आहेत का?"

"आहेत! बाई पांढरीफटक पडलीय, पण चहा मागत होती. मुलगी झालीय. डॉक्टर म्हणाला, अजून तासभर उशीर झाला असता तर त्याला यायची गरज नव्हती. आणि रडते काय ती पोर! आजोबांचाच गळा."

केझिया जमिनीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडायला लागली. टोबायस उभाच होता. त्याच्या खांद्यातून आता कळा येत होत्या, सगळ्या दिवसाच्या एकदम. सायलसच घाबरला. "अरे, चांगली बातमी आहे ना? का मी पुन्हा शब्द चुकलो?"

तो गेल्यावर टोबायसने तुटलेल्या साखळीला गाठ मारली. रिकामी गाडी तिथेच ठेवून दोन जोड्या बैल चंदनावरून चिमट्याच्या वरच्या अंगाला नेले, आणि आपलं लोढणं ज्या दिशेने आलं होतं त्या दिशेने ओढलं. तिकडून ओढल्यावर ते पहिल्याच झटक्याला सुटलं. त्याने ते वर मोकळ्या जागी नेऊन कडेला लोटून दिलं. परत आला, दुसऱ्या झाडाला साखळी लावली. ते त्याचं नव्हतं.

"ते रूफसचं आहे," केझिया म्हणाली. "गेल्या पावसातलं. ओळखते मी."

"असेल."

"सूर्य खाली चाललाय, टोबी."

"अजून एवढं. मग निघू."

झाड हललं. तेवढ्यात माथ्यावरून कोणीतरी थांबून पहिली ओळ म्हटली. दमलेला, अनोळखी आवाज. टोबायसने साखळी खाली ठेवली, चिमट्यापर्यंत चालत गेला आणि वळशाची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पायाने दाबून बघितली. काठाचा एक ओंडका हलत होता, तो टाचेने बसवला. वरचा माणूस वाट बघत होता. त्याला घाई असणार.

सगळं बघून झाल्यावरच टोबायसने तोंड उघडलं.